समक्ष पाहिले

नोव्हेंबर लागला की मी माणसं मोजायला निघतो.
फोर्टातली आमची कचेरी, दोन पंखे, एक शिपाई,
टेबलाखाली ध्वजनिधीचे सील केलेले डबे
आणि एक यादी,
जी खालून नाही, वरून नाही, मधूनच कुठूनही तुटते.
दुसऱ्या महायुद्धातले सैनिक : निरंक.
त्यांच्या विधवा : गेल्या साली अकरा.
लाल रेघ मारताना माझा हात थरथरत नाही.
सिग्नल्समध्ये सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांचेच निरोप पोचवत होतो.

राहीबाई सोनू कासारे, शिवडी.
चाळ पाडून तिथंच टॉवर उभा केलाय.
लिफ्टला कागद चिकटवलेला : काम चालू आहे.
नऊ मजले. माझ्या डाव्या गुडघ्यात
कारगिलकडची थंडी अजून मुक्कामाला आहे,
तिला प्रत्येक पायरीवर थोडं बसू दिलं.

नातसून म्हणाली, सकाळपासून लुगडं नेसून बसल्यात,
तुमचीच वाट बघत होत्या.

यंत्र पुढं केलं. अंगठा ठेवला. जुळत नाही.
लुगड्याला पुसून ठेवला. जुळत नाही.
फुंकर मारून, दाबून. जुळत नाही.
कॉटन ग्रीनच्या गोदामात तीस वर्षं गाठी शिवल्या तिनं,
रेषा तिथंच राहिल्या, सुतळीबरोबर गेल्या कुठंतरी
कुणाच्या गिरणीला.
"मग काय," ती म्हणाली, "मेले म्हन की मी?"

मग सालाबादचं आमचं भांडण.
मी सेवापुस्तकाची झेरॉक्स उघडतो,
उंची पाच फूट चार इंच,
ओळखीची खूण, उजव्या गालावर तीळ.
"डाव्या," ती म्हणते.
इथं उजव्या लिहिलंय, आजी.
"लिवणारा म्होरं बसला व्हता. त्याचं उजवं
त्ये माझ्या मानसाचं डावं.
मी कवा त्याच्या म्होरं बसले न्हाई रं.
ताट वाढताना बाजूला, निजताना बाजूला,
शेवटाला के. ई. एम.मधी सुदिक स्टुलावर, बाजूला."

नावात चूक असेल तर प्रतिज्ञापत्र आहे, राजपत्र आहे,
जन्मतारखेला शाळेचा दाखला चालतो.
तिळासाठी नमुना अर्ज नाही.

खिडकीतून गोदी दिसत होती, एक क्रेन, धूसर पाणी.
"तिकडनं गेला व्हता म्हनं बोटीनं, बसऱ्याला.
मला मिळायच्या आधी."
बोट तिनं तिकडंच रोखून ठेवलं बराच वेळ,
यंत्राला नको असलेलं बोट.
"पैशाचं म्हनशील तर सरकार येळेवर देतंय,
खोटं बोलायची न्हाई.
औषध त्यातच निघतं. पोरांपुढं हात पसरला न्हाई.
पन तुमच्या कपाटात, ज्याच्या नावानं मी जेवते,
त्यो कोन परका मानूस निजवून ठेवलाय तुमी?"

मी चहा प्यालो. बशीत सांडलेलासुद्धा.

अभिप्रायाच्या रकान्यात तीन ओळींची जागा असते.
लिहिलं : ठसा उमटत नाही.
लिहिलं : घरी भेट दिली, लाभार्थी हयात, समक्ष पाहिले.
तिसरी ओळ मी आजवर कोरीच सोडत आलो.
यंदा लिहिलं :
कै. सोनू कासारे यांच्या गालावरील तीळ डावीकडे,
पत्नीच्या सांगण्यावरून.
आणि शिक्का मारला, शाई सुकेपर्यंत फुंकत राहिलो.
साहेब विचारतील. विचारू देत.

निघताना तिनं विचारलं, "तुला कोन बघाय येतं रं?"
आमचं बँकेत होतं, म्हटलं, आजी. अंगठा लावला की झालं.
माझा अंगठा पहिल्याच झटक्यात जुळतो.

नऊ मजले. कठडा उजव्या हाताला होता
की डाव्या, आता आठवत नाही.
सुनंदा असती तर तिला माहीत असतं.
खाली वॉचमननं वही पुढं केली,
बाहेर पडल्याची वेळ, सही.